कोणत्याही स्वर्गीय वर्गात न बसणारी आकृती

थोरला : दगड नापास झाला.

धाकटा : बरं. आता तू दाराबाहेर जा, जरा थांब, आणि पुन्हा आत ये. तू हे अजून सांगितलेलंच नाहीस.

थोरला : समितीचं पत्र आहे. सहीशिक्क्याचं. फाटकापाशीच हातात दिलं त्यांनी.

धाकटा : कोणती समिती? कसलं पत्र? मी सकाळपासून बाबांच्या दगडाला मेण लावत बसलोय. उद्या वर्ष होतं त्यांना जाऊन. दहा वाजता मंडळी जमतील, पाळकसाहेब प्रार्थना करतील, दगड कबरीवर उभा राहील, लोक मान हलवतील. सगळं असं सुरळीत चाललेलं असताना तू तीन आठवड्यांनी परगावाहून येतोस, बॅग ठेवतोस आणि म्हणतोस...

थोरला : नापास झाला.

धाकटा : ...म्हणतोस, चहा घेणार का? घेतो. अर्धा.

थोरला : पत्र वाचू का?

धाकटा : तेही अर्धंच वाच.

थोरला : 'दफनभूमी देखरेख समितीच्या सदस्यांनी काल आपल्या कारखान्यात येऊन सदर स्मृतिशिळेची पाहणी केली. शिळेवरील आकृती देवदूताची असल्याचे आपल्या धाकट्या बंधूंनी तोंडी सांगितले. तथापि समितीच्या मते सदर आकृती कोणत्याही स्वर्गीय वर्गात बसत नाही. दफनभूमीत पाळीव पक्ष्यांच्या आकृतींना परवानगी नसल्याने...'

धाकटा : पाळीव?

थोरला : पाळीव लिहिलंय.

धाकटा : म्हणजे रानटी असता तर विचार केला असता.

थोरला : गोणपाट काढ.

धाकटा : दादा, प्रवासातून आलायस. हातपाय धू आधी.

थोरला : काढ म्हणतो ना.

धाकटा : बरं. पण उजेड या बाजूने हवा. आणि जरा लांबून. अजून लांबून. रस्त्यावरून बघितलास तर सगळ्यात उत्तम.

(थोरला गोणपाट बाजूला करतो. दगडाभोवती एक फेरी मारतो.)

धाकटा : बोल काहीतरी.

थोरला : डोळे इतके कडेला का आहेत?

धाकटा : त्याचं चहूकडे लक्ष असतं.

थोरला : आणि ही चोच?

धाकटा : नाक आहे ते. तुझ्या देवदूतांची नाकं पाऊस खातो, पाच-सात वर्षांत सगळे नकटे. म्हणून मी आधीच जास्तीचं ठेवलं. पुढची पन्नास वर्षं धरून.

थोरला : हात कुठे आहेत?

धाकटा : हात जमेनात. पंखाखाली घेतले.

थोरला : खाली हे घरटं कशाला?

धाकटा : ढग आहे तो.

थोरला : ढग.

धाकटा : हसायचं असेल तर हस. समितीतले तिघे हसले. चौथे फार सभ्य, ते बाहेर जाऊन हसले.

थोरला : मला हसू येत नाहीये. अक्षरं कुठायत?

धाकटा : नाहीत.

थोरला : बाबांचं नाव?

धाकटा : मागच्या बाजूला. खडूनं.

थोरला : बापाच्या दगडावर बापाचं नाव खडूनं?

धाकटा : जागाच उरली नाही रे. देवदूत पसरला. पंखांचा अंदाज चुकला, मग एक पंख दुसऱ्याएवढा करायला गेलो, मग दुसरा पहिल्याएवढा.

थोरला : अरे, तू अक्षरवाला आहेस! हे गाव मरतं ते तुझ्या भरवशावर. आणि बाबांची रीत काय? शेवटचा पूर्णविराम कारखान्यात मारायचा नाही. कबरीपाशी, घरचे उभे असताना, एका ठोक्यात मारायचा. उद्या तू सगळ्यांसमोर काय मारणार होतास?

धाकटा : त्याचा विचार केला मी. देवदूताला पूर्णविराम नसतो. तू बरा सुटलास आयुष्यभर.

थोरला : का केलंस हे?

धाकटा : सहज. तू नव्हतास, दगड होता.

थोरला : सरळ सांग.

धाकटा : सरळ? तू चौदा वर्षांचा झालास तेव्हा तुला नवा सदरा शिवला, हत्यारांची पेटी घेतली आणि चार वर्षं मूर्तिकाराकडे शिकायला पाठवलं. मी चौदाचा झालो तेव्हा मला अंगणात बसवलं, फुटकी फरशी दिली आणि म्हणाले, 'सरळ रेघ मार.' एक वर्ष रेघ, दादा. तुला बाहेरचं आणून दिलं. मला घरात पडलं होतं ते दिलं.

थोरला : घरात पडलं होतं ते म्हणजे त्यांचं स्वतःचं काम.

धाकटा : ते तुला सुचतंय, कारण पेटी तुला मिळाली. लोक दफनभूमीत येतात, तुझ्या देवदूतापुढे उभे राहतात, म्हणतात, 'काय चेहरा आहे! कुणी केला?' माझ्या अक्षरांबद्दल जन्मात एकदाच कुणी विचारलं. एक म्हातारा. 'मोठं नाही का काढता येत, चष्मा विसरलोय.' आणि फुलं? सगळी फुलं तुझ्या देवदूताच्या पायाशी. आणि त्याचे पाय कुठे असतात? माझ्या ओळींवर. माझं काम बारा महिने कुजक्या फुलांखाली असतं. आईच्या दगडाचा फोटो छापून आला, आठवतं? तुझा देवदूत नखशिखांत, आणि आईचं नाव कंबरेतून कापलेलं.

थोरला : फोटो मी कापला नव्हता.

धाकटा : कात्रण तू चौकटीत लावलंस. जेवायच्या टेबलासमोर. मी रोज अर्ध्या आईकडे बघत जेवतो.

थोरला : एवढं होतं तर बोलायचं.

धाकटा : बोललो की. अठरा वर्षं रोज सकाळी गुडघे टेकून बोललो. 'प्रभू, दादाचे हात मला दे. त्याला दुसरे दे, चांगले बघून दे, माझी हरकत नाही.' कुणाचं वाईट चिंतलं नाही मी. मग तुला त्या मोठ्या चर्चच्या भिंतीसाठी बोलावणं आलं. चार देवदूत, तीन आठवडे. तू गेलास, आणि अंगणात बाबांचा दगड, कोरा. मला वाटलं, आला. माझा नंबर लागला. छिन्नी उचलली तेव्हा, तुला सांगतो, हात थरथरलासुद्धा नाही.

थोरला : थरथरला असता तर बरं झालं असतं.

आत्या : दार उघडं टाकून भांडताय, की सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून उघडलंय?

धाकटा : ये आत्या. तू उद्या येणार होतीस ना?

आत्या : उद्या सगळे असतील. भावाचा दगड मला एकटीला बघायचा होता, म्हणून आज आले. कुठाय... अगं बाई! हे कुणी पाळलंय?

धाकटा : तुझं आणि समितीचं आधी बोलणं झालेलं दिसतंय.

आत्या : अरे, हा तोच दगड? माझ्या भावाने नऊ वर्षं अंगणात जपला तो? येता-जाता तळहात फिरवायचा त्याच्यावर. मी म्हणायची, 'मेल्या, इतका हात पोरांच्या पाठीवरनं फिरव.' तर म्हणायचा, 'पोरं माजतील, दगड माजत नाही.' आणि त्याच्यावर तुम्ही दोघांनी मिळून हे...

थोरला : दोघांनी नाही. मी नव्हतो.

आत्या : मग तू एकट्याने? हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस रे! आणि बापाने लिहून ठेवलं होतं, त्याचं काय केलंस?

धाकटा : कुणी लिहून ठेवलं होतं?

आत्या : तुझ्या बापाने. चिठ्ठी.

धाकटा : कोणती चिठ्ठी?

आत्या : आता हे बघा. दफनाच्या दिवशी मी माझ्या हाताने थोरल्याकडे पाकीट दिलं. म्हटलं, धाकट्याचं आहे, पण तो तिकडे भिंतीशी रडतोय. रडून झाला की दे.

थोरला : आत्या, तू जरा बस.

धाकटा : दादा, मी वर्षभर रडतोय असं वाटलं का तुला?

थोरला : द्यायचीच होती.

धाकटा : कुठाय?

थोरला : खिशात.

धाकटा : कुठल्या?

थोरला : ह्याच.

धाकटा : म्हणजे ती चिठ्ठी तुझ्याबरोबर चार देवदूत करून आली. वाच.

थोरला : तुझी आहे. तू वाच.

धाकटा : माझे हात मेणाचे आहेत. आणि आज तुझं वाचन चांगलं चाललंय. वाच.

थोरला : 'धाकट्यास. माझ्या दगडावर देवदूत नको.'

आत्या : ऐका.

थोरला : 'थोरल्याचे देवदूत देखणे असतात. पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की माणूस मेलेल्याला विसरून देवदूताकडेच बघत राहतो. लोकांनी मला बघू नये, वाचावं. अक्षरं तू कोर. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण कारखान्यात एक शेफारलेला पुरे होता.'

आत्या : तो तू.

थोरला : कळलं आत्या. 'मजकूर काय असावा, ते तूच ठरव. जन्मभर परक्यांचे शब्द कोरलेस. एकदा स्वतःचे कोर. पूर्णविराम सगळ्यांसमोर मार. घाई करू नको, मला कुठे जायचं नाही.' संपली.

धाकटा : मधलं पुन्हा वाच.

थोरला : 'तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.'

धाकटा : पुन्हा.

थोरला : अरे...

धाकटा : तू वर्षभर वाचतोयस. मला तिसऱ्यांदा तरी ऐकू दे.

थोरला : 'तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.'

आत्या : असा कसा रे तू? सख्ख्या भावाचा घास नव्हे, सख्ख्या भावाचा बाप दाबून ठेवलास खिशात?

थोरला : मला वाटलं, हा अक्षरंच कोरणार. दुसरं त्याला येतं काय? मी चिठ्ठी दिली काय, न दिली काय, दगडावर व्हायचं तेच होणार. बाबांच्या मनासारखंही होईल, आणि मला... मला ते 'शेफारलेला' कुणाला दाखवावं लागणार नाही. म्हणून दगड कोरा सोडून निर्धास्त गेलो.

धाकटा : माझ्यावर एवढा विश्वास! बघ आत्या, जन्मात पहिल्यांदा ह्याने माझ्यावर भरवसा टाकला, आणि मी देवदूत काढून बसलो.

थोरला : थट्टा करू नकोस.

धाकटा : मग काय करू? सांग ना. हातोडी घेऊ? ती तुझ्या बाजूला आहे, दे इकडे.

आत्या : ए! हातोडी खाली.

थोरला : तुला वाटतं, मी मजेत होतो? बाबा माझं एकही काम बघायला आले नाहीत. एकदाच आले, आईच्या वेळी. मी शेजारी उभा. म्हटलं, आता बोलतील. त्यांनी देवदूताला डावलून खाली वाकून तुझ्या ओळीत अंगठा घातला आणि शेवटपर्यंत फिरवत नेला. पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत. डोळे मिटून. मग म्हणाले, 'चला.' मी तो चेहरा तीन महिने घडवला होता रे. आईचा चेहरा होता तो. त्यांनी मान वर केली नाही.

धाकटा : आईचा होता?

थोरला : तूसुद्धा बघितला नाहीस ना?

धाकटा : मी नावाकडे बघत होतो. कापलेल्या.

थोरला : त्या दिवसापासून मीही गुडघे टेकायचो. तुला काय वाटतं, तू एकटाच मागायचास? 'प्रभू, त्याच्यासारखी एक ओळ मला जमू दे. एकच. बाबांनी अंगठा फिरवावा अशी.'

धाकटा : म्हणजे दोन अर्ज. एकाच पत्त्यावरून.

थोरला : हो.

धाकटा : याचे हात त्याला आणि त्याचे याला. साहेबांनी दोन्ही कागद बघितले असतील, म्हटलं असेल, एकमेकांना विचारलंत तरी का? आणि फाइल बांधून वर ठेवली असेल.

आत्या : साहेबाला नावं ठेवू नकोस. त्याने ज्याला जे द्यायचं ते मोजून-मापून दिलं होतं. तुम्ही दोघांनी साधी पोचसुद्धा दिली नाहीत. उलट शेजारच्याचं पार्सल फोडत बसलात.

धाकटा : आत्या, हे तू उद्या पाळकसाहेबांऐवजी बोल.

आत्या : मला बोलायचं नाही. मला एवढंच सांगा, हे निघेल का?

थोरला : पंख उठावात आहेत. भोवतीचं सगळं दोन बोटं खाली गेलंय. पूर्ण तासून काढलं तर खाली सपाट दगड मिळेल. जाडी उरेल... समितीच्या नियमात जेमतेम. रात्रीपर्यंत घासलं, पहाटे ओळी आखल्या, तर दोन-चार शब्द बसतील.

आत्या : मग लागा की! तोंडं काय बघताय?

थोरला : आधी दगड वाजवून बघू दे. हा उजवीकडे... ऐक, घंटेसारखा. मध्ये... ठीक. आता डाव्या पंखाखाली.

आत्या : का थांबलास?

थोरला : तू ऐकलंस?

धाकटा : ऐकलं.

आत्या : मला नाही कळलं. भद्द वाजलं नुसतं.

थोरला : तेच. आत शीर आहे, कच्ची रेघ. बाबांना ठाऊक असणार, म्हणून तर त्यांनी अक्षरं म्हटलं. अक्षर अर्धा बोट खोल जातं, शिरेपर्यंत पोचत नाही. ह्याने पंखासाठी खोल खणलं आणि शीर उघडी पडली. आता तासायला घेतला की दुभंगेल. उभा केला तरी पहिल्या पावसाळ्यात जाईल.

धाकटा : मी खणत होतो तेव्हा एकदा आवाज बदलला होता.

थोरला : मग थांबला का नाहीस? तुला दगडाचा आवाज कळतो. माझ्यापेक्षा जास्त कळतो.

धाकटा : मला वाटलं, देवदूत असाच वाजत असेल. मला काय माहीत? मी पहिल्यांदाच करत होतो.

आत्या : देवा रे.

थोरला : दुसरा दगड आणू. महिन्याभरात. ह्याच्याहून काळा आणतो, माझ्या ओळखीचा आहे एक खाणवाला.

धाकटा : त्याच्यावर बाबांनी नऊ वर्षं हात फिरवलेला असेल का, विचार त्याला.

थोरला : मी माफी मागू का?

धाकटा : उद्या माग. दहा वाजता, सगळ्यांसमोर, प्रार्थनेच्या वेळी. तिथे माफ करणं भाग असतं. आज इथे मागितलीस तर मला विचार करावा लागेल.

आत्या : उद्या लोकांना काय सांगायचं?

थोरला : लाकडी क्रूस आहे कबरीवर. त्याच्यासमोरच प्रार्थना होईल.

आत्या : आणि तू काय लिहिणार होतास रे? चिठ्ठी वेळेवर मिळाली असती तर? तुझे स्वतःचे शब्द?

धाकटा : काय माहीत.

आत्या : एवढी जीभ चालते तुझी दिवसभर.

धाकटा : ती चालते कारण ती कोरायची नसते. ... दादा, कागद आहे?

थोरला : समितीचं पत्र आहे. मागची बाजू कोरी आहे.

धाकटा : उत्तम. लिही.

थोरला : मी? चांगला हात तुझा आहे.

धाकटा : म्हणूनच. बापाने लेखी दिलंय, तो असल्या कामाला लावायचा नाही. लिही. 'प्रति, दफनभूमी देखरेख समिती.'

थोरला : झालं.

धाकटा : 'अर्जदार : अक्षरवाला.'

आत्या : शिल्पकार लिहायचं नव्हतं का? तीन आठवडे होतास.

धाकटा : नाही. अक्षरवाला. अठरा वर्षांची पोच राहिली होती, ती देऊन टाकतो. लिहिलंस?

थोरला : 'अक्षरवाला.' वाकडं आलं.

धाकटा : असू दे. तुझं तुला माफ. 'विषय : नापास शिळेबाबत. महोदय, आपला निर्णय मान्य आहे. आकृती कोंबडीचीच आहे. ती आम्ही घरी ठेवून घेऊ. नवीन शिळेवर देवदूत असणार नाही, याची हमी दोघेही भाऊ देत आहेत.'

थोरला : दोघेही?

धाकटा : लिही. 'मजकूर अर्जदार स्वतः कोरील. परंतु ओळ बरोबर साधली की नाही, हे आमच्याकडे अंगठा फिरवून एकच माणूस सांगू शकत असे, व तो सध्या आपल्या ताब्यात आहे.'

आत्या : पोरा...

धाकटा : 'तरी सदर इसमास, सर्वांच्या पुनरुत्थानाची वाट न पाहता, नवीन शिळा उभी राहील त्या दिवशी सकाळी दहा ते दहा वाजून दहा मिनिटे एवढ्या वेळेपुरते बाहेर सोडण्यात यावे, ही नम्र विनंती. त्याचा चष्मा अर्जदार घरून घेऊन येईल.'